खिडकीजवळची खुर्ची

भूपाल मगदूमांनी उभ्या आयुष्यात डास मारला नव्हता. चावलाच, तर ते हलकेच फुंकर घालून त्याला वाटेला लावत. अशा माणसाला येरळाकाठच्या विद्यापीठाने ग्रंथपाल नेमलं आणि निम्मी सातारची, निम्मी सांगलीची पोरं त्यांच्या हवाली केली. त्यातली बरीचशी पोलीस भरतीच्या तयारीतली. सकाळी मैदानावर गोळाफेक आणि नंतर दिवसभर वाचनकक्षात सामान्य ज्ञान.

ग्रंथालयात काय नव्हतं? जगभरची नियतकालिकं संगणकावर होती, प्रबंधातली उचलेगिरी पकडणारी यंत्रणा होती, प्राध्यापकांसाठी थंडगार खोली होती. पोरांना यातलं काही नको होतं. त्यांना हवी होती खिडकीजवळची एक खुर्ची. कारण पंखा आणि मोबाईल चार्जिंगची सोय, दोन्ही चालू स्थितीत फक्त तिथेच होती.

मागच्याच आठवड्यात त्या खुर्चीपायी एकाचे पुढचे दोन दात गेले. कुलगुरूंनी मगदूमांना बोलावून घेतलं.

"आता एक जरी मारामारी झाली, तर वाचनकक्षाला कुलूप. मंगल कार्यालय काढतो तिथं. तिथं लोक निदान जेवल्यावर मारामारी करतात."

मगदूम हिशेब करत बाहेर पडले. मंगल कार्यालय झालं, तर माण-खटावच्या पोरींनी अभ्यास करायचा कुठं? वसतिगृहाच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती. त्यांनी रातोरात मोबाईलवरून खुर्ची राखून ठेवायची सोय सुरू केली. एका गोष्टीचा मात्र त्यांना विसर पडला. या मुलखात खिडकीतून आत टाकलेला रुमाल हा सातबारा असतो. एसटीत पोरगं हरवेल, पण सीटवरचा रुमाल जागचा हलणार नाही.

तपासणीला पुण्याहून एक पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी दहिवडीच्या शिवांजलीने दार उघडायच्या आधी खिडकीच्या गजांतून बरोबर त्या खुर्चीवर रुमाल टाकला आणि ती निर्धास्तपणे चहाला गेली. परत येऊन बघते, तर खुर्चीवर वाळव्याचा शंभूराज.

"ऊठ रं. रुमाल हाय माझा तिथं."

"ही खुर्ची माझ्या नावावर हाय. मोबाईलवर बघ की."

"मोबाईलवर बसायचं मग. रुमाल कुठाय?"

"हाय की. उचलला न्हाई मी. त्याच्यावर बसलोय."

सगळ्या वाचनकक्षाने पुस्तकांतून माना वर काढल्या. रुमाल न हलवता त्याच्यावर बसणं, हा कायद्यातला नवाच मुद्दा होता. शिवांजलीने फार विचार केला नाही. तिने वर्तमानपत्राची लाकडी काठी उचलली आणि शंभूराजच्या कानाखाली अशी ओढली की कालच्या अग्रलेखाचे दोन तुकडे झाले.

मग सोयीसुविधांचा पुरेपूर वापर सुरू झाला. सातारा रुमालाच्या बाजूने, सांगली मोबाईलच्या. पुस्तकांच्या नोंदकार्डांचे जुने लाकडी खण वीस वर्षं धूळ खात पडले होते. ते आता डोक्यांत बसू लागले. एकाच्या कपाळावर तारखेचा शिक्का उमटला, परतीची मुदत स्पष्ट वाचता येत होती. पुस्तकांची ढकलगाडी दोघांना घेऊन खांबावर आदळली आणि त्यातल्या एकाचा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळला. कृषिकोशाचे खंड कोणी कधी उघडले नव्हते; ते हातोहात खपले. फरशीवर रक्ताचे शिंतोडे, रक्तात चष्म्याच्या काचा. ई-संसाधनं तेवढी कोणाच्या कामी आली नाहीत.

"बाळांनो, अहिंसा..." म्हणत मगदूम मधे शिरले, तोच चौथा खंड त्यांच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. खाली पडल्या पडल्या त्यांना जिन्यावरून कुलगुरूंचा आवाज ऐकू आला, "या या, आता आमचा वाचनकक्ष पाहा."

मगदूम रांगत मुख्य बटणाशी गेले आणि त्यांनी ते खाली ओढलं. पंखा थांबला. वायफाय गेलं.

मारामारी जागच्या जागी थिजली.

"वाचनकक्षाला कुलूप लागंल," मगदूम रक्त थुंकत म्हणाले. "बसा!"

पाहुणे आत आले, तेव्हा पोरं माना खाली घालून बसली होती. पुस्तकं उलटी होती, पानांवर लाल थेंब पडत होते, पण शांतता अशी की कुलगुरूच दचकले. शंभूराज आणि शिवांजली एका बाकावर अंग चोरून बसलेले. वादाची खुर्ची रिकामी, तिच्यावर चुरगळलेला रुमाल.

"मगदूम, ओठाला काय झालं?"

"फळीवरून खंड पडला, सर." मगदूम आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

"वा! काय एकाग्रता आहे!" पाहुणे म्हणाले. त्यांना जिना चढून दम लागला होता. ते जन्मभर मोटारीने फिरलेले गृहस्थ. त्यांनी तो रुमाल दोन बोटांनी उचलला, त्याने खुर्ची पुसली, तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि बूड टेकलं.

सातारा आणि सांगली एकदम उभी राहिली. कुणाच्या हातात खण, कुणाच्या हातात काठी. या सगळ्यांनी मिळून पाहुणा मारला, तर कुलूपच काय, तुरुंग ठरलेला. मगदूमांना विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी पाचवा खंड दोन्ही हातांनी उचलला आणि पाहुण्यांच्या डोक्यात घातला. एकदाच, पण मनापासून. पाहुणे खुर्चीसकट आडवे झाले.

कुलगुरू आटपाडीचे. कॉलेजची सगळी वर्षं त्यांनी एसटीत उभ्याने काढली होती. त्यांनी टोपलीतून रुमाल काढला, झटकला, खुर्ची उभी केली आणि तो परत तिच्यावर अंथरला.

"आज फळीवरून खंड लय पडायल्यात," ते म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं न्हवं?"

"व्हय, सर!"

पाहुण्यांना उचलून दवाखान्यात नेलं. ते शुद्धीवर आले, पण ग्रंथालयात शिरल्यानंतरचं त्यांना काही आठवेना. मंगल कार्यालयाचा विषय निघाला नाही. मोबाईलवरची खुर्ची मात्र त्याच दिवशी बंद झाली.

सगळं झाडून पुसून झाल्यावर शंभूराज कानाला बर्फ लावून मगदूमांच्या टेबलाशी आला. त्यांनी प्रायश्चित्ताचा उपवास धरला होता आणि ते खंडाचा पुठ्ठा चिकटवत होते.

"सर, हा पाचवा खंड खोलीवर न्यायला मिळंल का?"

"नाही," मगदूम मान वर न करता म्हणाले. "संदर्भग्रंथ आहे. इथंच वापरायचा."