आत्याला कळेपर्यंत

शेवटच्या अंकासाठी आपल्याच विज्ञान मासिकाचा इतिहास लिहिताना संपादिकेचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

मासिक काढलं तिच्या वडिलांनी. तेव्हाच त्यांनी नियम घालून दिला होता: लेख कितीही मोठ्या शास्त्रज्ञाचा असो, छापण्याआधी तो आपल्या बहिणीला वाचून दाखवायचा. ही संपादिकेची आत्या. शाळेशी तिचं कधी जमलंच नाही. ती "कळलं" म्हणाली की लेख छापखान्यात, "नाही कळलं" म्हणाली की परत लेखकाकडे. अणुभट्टीच्या लेखाने तर हेलपाटे घालायला लावून लेखकाचा पिट्ट्या पाडला. विद्वान मंडळी पाय आपटायची, पण वाचक त्याच सोप्या भाषेवर खूश होते. उपग्रह, संगणक, जनुकं, सगळी आत्याच्या खुर्चीपुढून गेली. वडील गेले, मासिक लेकीच्या गळ्यात पडलं, नियम मात्र तसाच राहिला.

आता वाचक मोबाईलवर गेले होते आणि चित्रकार दुसऱ्या नोकरीवर. लिहा, तपासा, अंकांचे गठ्ठे बांधा, सगळं संपादिका एकटीच करायची. अंग नुसतं आंबून जायचं.

तिने इतिहास वाचून दाखवला. शेवटी लिहिलं होतं, "बदलत्या काळाचा मान राखून मासिक आता विश्रांती घेत आहे."

"नाही कळलं," आत्या म्हणाली.

संपादिकेने खोडून लिहिलं, "मासिक एका वळणावर थांबत आहे."

"कसलं मेलं वळण? थांबून परत निघणार का?"

"आत्या, कशाला छळतेस गं! छापायला द्यायचंय."

"मग नीट सांग ना! एवढे ग्रहतारे समजावलेस मला, आणि घरातली गोष्ट सांगताना त-त-प-प?"

संपादिकेने कागद बाजूला ठेवला. "बाबांचं मासिक मी बंद करतेय. दमले गं मी. नाही झेपत." तिला रडूच कोसळलं.

आत्याने तिचा हात धरला. "कळलं. असंच लिही. मलाही हल्ली कुठे झेपतं? मधेच डोळा लागतो, जाग आली की कळलं म्हणते. तुझं मन मोडू नये म्हणून बसत होते."

"अगं, आणि मी तुझ्यासाठी ओढत होते हे गाडं! मासिक नसलं तर दिवसभर तू करशील काय, म्हणून!"

"झोपेन की," आत्या म्हणाली. "तूही झोप."