खाचा बुजवलेला माग

मी एक जुना हातमाग आहे, आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही दचकणार नाही.

मला घडवणारा सुतार हाडाचा कारागीर होता. त्याने माझ्या अंगात एकही खिळा ठोकला नाही. खांब, आडवे दांडे, कापड गुंडाळायचा रूळ, सगळे भोकांत बसवून लाकडी पाचरींनी घट्ट केले. माझी मालकीण म्हणजे मावशी. तिची खोली लहान, म्हणून कापड उतरले की ती मला सुटा करून भिंतीशी लावून ठेवी.

पुढे मावशीची नजर गेली. उजेड तेवढा कळे. तेव्हा सुताराने माझ्या प्रत्येक सांध्यावर पटाशीने बारीक खाचा पाडल्या. डाव्या अंगाला एकेरी, उजव्या अंगाला दुहेरी. "वहिनी, बोट फिरवा आणि जोडा," तो म्हणाला. त्यानंतर मावशी दोन तासांत एकटीच मला उभे करी. शेजारीपाजारी तोंडात बोट घालत. मला उभे करायला तिला कुणाच्या हातापाया पडावे लागत नसे, आणि याचाच तिला मोठा अभिमान होता.

मग भाचा आला. मावशी आठवडाभर बहिणीकडे गेली होती आणि मी सुटा पडलो होतो. झाले! पोराच्या उत्साहाला उधाण आले. त्याने मला घासले, खाचांत पुट्टी भरली, वर निळा रंग फासला. डावा खांब उजवीकडे, उजवा डावीकडे. भोके जुळेनात, तर शहाण्याने खिळे ठोकले. एक नाही, अकरा! मला ओरडता आले असते तर गल्ली गोळा केली असती.

मावशी परतली. तिने उभ्या धाग्यांचा ताणा चढवला. रूळ तिरका, त्यामुळे एका बाजूचे धागे सैल आणि दुसऱ्या बाजूचे ताठ. पहिल्याच ठोक्याला ताठ धागे तटातट तुटले. ती माझ्या सांध्यांवर बोटे फिरवू लागली. वर, खाली, पुन्हा वर.

"खाचा कुठे गेल्या रे?"

"ते खड्डे होय? सगळे बुजवले, मावशी. हात लावून बघ, कसा गुळगुळीत झालाय!"

"अरे, डोळे होते ते माझे."

भाच्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने लगोलग खिळे उपटले, तेव्हा माझा एक खांब उभा चिरला. सुतार आता या जगात नाही. चिरलेल्या खांबाला दोरी गुंडाळली आहे आणि भाचा नव्या खाचा पाडतो आहे. दर खाचेला विचारतो, "मावशी, इथे?" आता विचारतोय! तरी पाचर बसवताना चिरलेला खांब त्यालाच धरून ठेवावा लागतो. तो कामावर गेला की मावशी हात मांडीवर ठेवून त्याची वाट बघते. कधी नव्हे ते.

"जाऊ दे, प्रेमानं केलंस," असे म्हणून तिने त्याला माफ केले. मी केलेले नाही. मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू सुधारायची हौस आली तर आधी तिच्या माणसाला विचारा. विचारायला फक्त जीभ लागते, आणि ती त्या पोराला चांगली हातभर लांब होती.