पावडरखालची लाली

आश्विनातले ऊन आमच्या गिरगावच्या गॅलरीतून पूर्ण उतरले, की माझी बायको माधवी बाहेर येते. आधी हात पुढे करून कठडा चाचपते. लोखंड निवले असेल तरच पाऊल उंबऱ्याबाहेर टाकते. तिला ल्युपस हा उन्हाने चेतणारा आजार झाल्यापासून आमच्या घरात सूर्याकडेही संशयाने पाहिले जाते. तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर एक लाली पसरते. परक्याला ती संध्याकाळची शोभा वाटेल, मला ती शरीराने स्वतःलाच लावलेली आग दिसते.

परळच्या डॉक्टर दर भेटीला या आगीचे मोजमाप करतात. पुरळ, तोंडातले फोड, गळणारे केस, सुजलेले सांधे, लघवीतली प्रथिने. प्रत्येकाला ठरलेले गुण आणि शेवटी बेरीज. बेरीज लहान आली तर आजार निजलेला. माझा आकड्यांवर विश्वास. गेल्या खेपेला बेरीज घटली, तेव्हा मी निश्चिंत झालो होतो.

परवा निघताना माधवी आरशासमोर होती. बोटे धड मिटत नव्हती, तरी गालांवर पावडर बसवत होती, विरळ केसांत गंगावन गुंतवून अंबाडा घालत होती. डॉक्टरांकडे जातानाही नेटके जायचे, ही तिच्या माहेरची शिस्त. ते पाहताना मला एकदम आठवले. गेल्या खेपेलाही ती अशीच गेली होती. म्हणजे त्या आकड्यात आजाराइतकीच तिची टापटीपही मोजली गेली होती.

"केस गळतात का?" डॉक्टरांनी विचारले.

"छे हो, छान आहे मी."

"डॉक्टर, तो अंबाडा तिचा नाही," मी म्हणालो.

"अहो! इथेसुद्धा?"

"काढ तो. आणि तोंड धू."

"बघायला आलात तेव्हा नव्हतं हो सांगितलंत तोंड धुवायला!"

डॉक्टर हसल्या. मला हसू आले नाही. बेसिनपाशी पाणी वाहत राहिले, आणि ती वळली तेव्हा ट्यूबच्या निर्दय उजेडात तिचे गाल भाजल्यासारखे लाल होते, टाळू उघडी पडली होती. बेरीज वाढली, गोळ्याही वाढल्या. लघवीच्या प्रथिनांचे गुण मात्र अजून मांडायचे आहेत. आजार मूत्रपिंडात उतरला की नाही, ते त्यावर कळेल. तो अहवाल उद्या यायचा आहे.

आत्ता ती समोर बसून वाल सोलते आहे, आखडलेल्या बोटांनी, सावकाश. माणूस गेल्यावर त्याच्या आठवणी सुरू होतात, असे मी आजवर समजत होतो. भय इतके थांबत नाही, ते समोरच्या जिवंत माणसाचीच आठवण करून ठेवू लागते.