कोपरा नसलेलं घर

"माणसानं रुसायचं म्हणलं तर बसायचं कुठं? एक कोपरा ठेवला न्हाई बाबानं."

गोजरबाई हे भिंतीकडं तोंड करून, ओठातल्या ओठात बोलल्या. तरी पार समोरच्या अंगाला चुलीपाशी बसलेल्या झुंबरबाईला ते कानाला तोंड लावून सांगितल्यासारखं ऐकू आलं. या घराची ही खोडच होती. घर गोल, एका बाजूला पुटपुटलं की आवाज भिंतीला धरून सरपटत जायचा आणि बरोबर समोर बसलेल्याच्या कानात उतरायचा. दसऱ्याला राहायला येऊन पंधरा दिवस झाले नव्हते, पण सासूचं सुनेबद्दल आणि सुनेचं सासूबद्दल काय मत आहे, हे तेहतीस वर्षांत कळलं नव्हतं तेवढं आता दोघींना कळून चुकलं होतं.

"ऐकू येतंय, आत्याबाई," झुंबरबाई भाकरी उलटत म्हणाली.

"तुला कोन म्हणतंय? मी माझ्या लेकाला म्हणती."

लेक, म्हणजे कानिफनाथ, वर छपरावरच्या गवताला भांड्यांचं पाणी घालत होता. झरोक्यातून त्याचं उत्तर खाली आलं. "रुसायचं असंल तर पत्र्याच्या खोलीत जा. तिथं चार कोपरे हायत."

गोजरबाईंनी पदर सारखा केला. पत्र्याच्या खोलीचं नाव काढलं की त्या गप्पच होत. दसऱ्यापर्यंत सगळे राहायचे त्या खोलीत मे महिन्यात कुरडया वाळवायला बाहेर न्याव्या लागत नसत, आणि दोन उन्हाळ्यांमागं त्या स्वतःच तिथं चक्कर येऊन पडल्या होत्या. सगळं तिथून सुरू झालं.

कानिफनाथ जन्मभर लोकांच्या विहिरी खणत आला होता. सबल, घण, पाट्या आणि झुंबरबाई एवढं घेऊन तो पाथर्डी-शेवगावकडची गावं फिरला. तो खाली खणायचा, ती वर माती ओढायची. जिथं विहीर तिथं पाल. विहीर झाली की पाल उचलायचं. झुंबरबाईला लेकरांची जन्मसालं विचारली तर सांगता येत नसत. सुनील चिंचेजवळच्या विहिरीवर झाला आणि ज्योती काळा खडक लागला त्या विहिरीवर, एवढं पक्कं ठाऊक. पाणी लागलं की कानिफनाथ खालून हाक मारायचा, "झुंबर, ओंजळ धर," आणि पहिली बादली वर यायची. ती पाणी पिऊन बघायची आणि गोड का मचूळ ते सांगायची. मालकाला त्यानंतर.

पण आठ वर्षांमागं, शेवटच्या तीन विहिरींना, ओंजळ धरायची वेळच आली नाही. त्यातली तिसरी त्याच्या चुलतभावाची, गहिनीनाथची. साठ फूट खाली गेले तरी नुसता फुफाटा. गहिनीनाथ जिभेचा हलका माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या खड्ड्यापाशी नेऊन सांगायचा, "आमच्या दादानं मला बरणी खणून दिली. पाणी सोडून काय बी ठेवा." हे ऐकल्यावर कानिफनाथनं मढीच्या नाथाची आण घेतली, की पुन्हा जल्मात विहीर खणणार नाही. सबल वळचणीला खोचली आणि दुसऱ्याच्या रानात रोजानं जायला लागला.

गोजरबाई चक्कर येऊन पडल्या त्या दिवशी आईचं डोकं मांडीवर घेऊन, ओलं फडकं लावत तो बसला होता. फडकं पुन्हा भिजवत म्हणाला, "दोन पुरुष खोल उतरलं की वैशाखातबी गार लागतं. सगळ्या इहिरींत मी तेच बघत आलो. मंग आपुन येडे वर कशाला राहतो?"

वस्तीच्या मागं टेकडीच्या उतारावर त्यांचं थोडं मुरमाड होतं. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. उतारात घुसून घर करायचं, तीन बाजूंनी टेकडी, वर माती, पुढं दार. विटा नकोत, सळई नको. झुंबरबाईला पटलं. तिला घर कशातही पटलं असतं.

पण हात विहिरीचे. त्यानं मधोमध एक खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि फिरवली.

"अवं, घर हाय," झुंबरबाई म्हणाली.

"मंग?" तो म्हणाला. तोवर गोल ओढून झाला होता.

आणि खणलंही वरून. समोरून उतार कापत आत जायचं सोडून त्यानं वरून खाली जायला सुरुवात केली, कारण खणायचं म्हणजे खाली, दुसरी दिशा त्याला माहीत नव्हती. गहिनीनाथ काठावर येऊन उभा राहायचा. "वैनी, सोयऱ्यांना शिडीनं उतरवनार का पोहऱ्यात बसवून?" पुरेसं खोल झाल्यावर मग खालच्या अंगानं दारापुरतं भगदाड पाडलं, तेव्हा ते घरासारखं दिसलं. निदान बिळासारखं तरी.

विकत फार काही घेतलं नाही. कुणाच्या तरी निकामी बोअरचे पाईप आडवे टाकले, त्यावर तुराट्या, तुराट्यांवर शेततळ्याचा फाटका प्लास्टिकचा कागद दुहेरी करून, आणि वर माळवदावर घालतात तशी पांढरी माती हातभर. दार जुन्या बाजारातून आणलं. घरात तेवढी एकच गोष्ट चौकोनी. छप्पर टेकडीशी सपाट झाल्यामुळं गहिनीनाथच्या शेळ्यांना ते घर आहे हे कधीच पटलं नाही. एकदा गोजरबाईंच्या चहात वरून लेंडी पडली. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि फक्त म्हणाल्या, "ह्ये पत्र्यात न्हवतं."

भिंती मात्र झुंबरबाईच्या. शेण, गव्हाचा भुसा, पांढरी माती. महिनाभर तिनं नुसत्या पंजानं लिंपण केलं. आजवर तिनं लावलेलं सगळं उचलून न्यायचं असायचं. ही पहिली वस्तू उचलता येण्यासारखी नव्हती. म्हणून ती घोटत राहिली, काचेसारखी होईपर्यंत. त्या गुळगुळीतपणामुळंच आवाज फिरायचा, असं केडगावहून आलेला सुनील म्हणाला. तो तिथं भाड्याच्या खोलीत राहून कंपनीत जायचा. दिवाळीला आईसाठी टेम्पोतून लोखंडी कपाट घेऊन आला. ते गोल भिंतीला लावलं तर मागं चंद्रकोरीसारखी फट राहिली. मागं सरकवलं, पुढं ओढलं. फट गेली नाही, उलट माणूस बसेल एवढी झाली.

गोजरबाईंनी फट बघितली आणि त्यांचं तोंड उजळलं. पोतं घेऊन त्या कपाटामागं जाऊन बसल्या. अखेर रुसायला जागा मिळाली.

तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात त्या तिथून उठून बाहेर आल्या, तर पाठ ओली.

"झुंबर," त्या म्हणाल्या, "भिंत माझ्या पाठीला रडली."

कानिफनाथनं हात लावून बघितलं. "नव्या भिंतीला घाम येतो."

"किती दिस?"

"वाळूस्तोवर."

महिन्यानं घामाची ओल झाली. ओल म्हणजे काही नाही, कुणाच्या भिंतीला नसते? मग ओलीचा पाझर झाला. झुंबरबाईनं खाली तांब्या ठेवला, मग घागर ठेवली. संक्रांतीला हिशेब असा होता, की पीठ मळायला घेतलं की घागर लावायची आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की उचलायची. सुनीलनं वॉटरप्रूफिंगचा डबा पाठवला. तो फासल्यावर तिथला पाझर बंद झाला आणि वीतभर बाजूला, देवाच्या कोनाड्याखाली, दुप्पट जोरानं सुरू झाला. गोजरबाईंनी लगेच हळदकुंकू वाहिलं.

कारण काही गूढ नव्हतं. गावातली मंडळी तीन वर्षांमागं जीप करून हिवरे बाजार बघून आली होती आणि आल्या आल्या टेकडीच्या माथ्यावर पावसाचं पाणी मुरवायचे चर खणायला लागली होती. तेव्हा सगळ्यात जास्त कानिफनाथच हसला होता. "गुडघाभर चरानं पाणी लागत असतं तर आमी साठ साठ फूट कशाला गेल्तो?" आता ते चरातलं पाणी मुरत मुरत येऊन त्याच्याच कपाटामागं निघालं होतं. सगळ्या वस्तीला हे कळत होतं. पण एक शब्द होता, तो कुणी काढत नव्हतं. घरात काढायची सोय नव्हती, कारण भिंत चहाडखोर. आणि बाहेर झुंबरबाईचा चेहरा समोर यायचा.

फाल्गुनात गावची विहीर आटली आणि टँकर सुरू झाला, तशी पाहुण्यांची वर्दळ वाढली. वस्तीतली सविता आली, ती नवं घर बघायला. चौथ्यांदा. कमरेवर हंडा होता.

"हंडा कशाला आणलास गं?" गोजरबाईंनी विचारलं.

"हातात हुता," सविता म्हणाली. मग कोनाड्याकडं बघून, "काकी, तुमच्या..." म्हणून थांबली, आणि "...भिंतीला लई ओल हाय" म्हणाली. जाताना हंडा डोक्यावर होता आणि मान ताठ.

गहिनीनाथ आला तो घमेलं मागायला. घमेलं दिलं तर म्हणाला, "ह्ये नको, कॅन असंल तर..."

झुंबरबाई सगळ्यांना भरून द्यायची आणि काही बोलायची नाही. पण घर तिच्या पायाखालून चाललं होतं. आधी कपाट हलवलं, मग अंथरुणं, मग चूल. कोनाड्याच्या बाजूची जमीन एवढी मऊ झाली, की पाय ठेवला की पाय तिथंच राहायचा. दर आठवड्याला संसार एक पाऊल दाराकडं सरकत होता. पहाटे कुणी उठायच्या आत ती साचलेलं पाणी उपसून छपरावर ओतून यायची. जमीन कोरडी दिसली की दिवसभर तिला वाटायचं, अजून घरच आहे.

एका पहाटे ती उपसायला उठली आणि जागीच थांबली. कानिफनाथ आधीच तिथं होता. कोनाड्याखाली उकिडवा बसला होता, भिंतीला कान लावून. विहिरीच्या तळाशी खडकाला लावायचा तसा. मग त्यानं बोट धारेत धरलं, जिभेला लावलं, आणि हसला. आठ वर्षांत तिनं त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. पाठीमागं चाहूल लागल्यासारखी झाली आणि त्यानं ते हसू पटकन पुसलं, पोरानं गूळ खाल्लेलं तोंड पुसावं तसं.

"घाम वाढलाय जरासा," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "चारी काढून पाणी भाईर लावतो."

झुंबरबाई "व्हय" म्हणाली. उपसायचं भांडं मात्र तिनं तसंच खाली ठेवलं.

चैत्रात टँकर बिघडला. पाचव्या दिवशी सकाळी वस्तीतली दहा-बारा माणसं त्या घरात भिंतीला पाठ लावून गोल बसली होती. प्रत्येकाच्या मांडीशी काहीतरी भांडं. चहा झाला. उन्हाबद्दल बोलून झालं. मढीच्या जत्रेला यंदा गाढवांचा भाव काय होता तेही झालं. कानिफनाथ समोरच्या अंगाला खाली मान घालून खुरप्यानं चारी कोरत होता, आणि पाणी चारीत न जाता त्याच्या पायांभोवती जमत होतं.

"दादा," गहिनीनाथनं घसा साफ केला, "एक बोलायचं हुतं."

सगळ्यांनी आपापल्या हंड्यांकडं बघितलं.

"शेळ्या लई माजल्यात," गहिनीनाथ म्हणाला. "तुझ्या छपरावर चढतात. बांधून ठेवतो आता."

"ठेव," कानिफनाथ म्हणाला.

गोजरबाई भिंतीकडं तोंड करून पुटपुटल्या, "समद्यांना दिसतंय आन बोलंना कोनी." भिंतीनं तेही सगळ्यांना पोचवलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

झुंबरबाई दारापाशी, संसार जिथवर मागं आला होता तिथं उभी होती. तिथून तिला नवऱ्याची पाठ दिसत होती, आणि पाठीवरूनच कळत होतं, की हा माणूस दर थोड्या वेळानं धारेकडं बघतोय आणि आपल्याला कुणी बघितलं तर नाही ना, तेही बघतोय. आठ वर्षांनी पाणी लागलं, आणि त्याला ते चोरीच्या मालासारखं दडवावं लागत होतं. बायकोपासून.

तिनं लिंपणावर पंजा ठेवला. बोटं आपल्याच बोटांच्या खुणांत बसली. मग भिंतीच्या अगदी जवळ तोंड नेऊन, मोठ्यानं नाही, ती म्हणाली,

"इहीर हाय ही."

भिंतीनं शब्द उचलला, सविताच्या पाठीमागून, गहिनीनाथच्या पाठीमागून नेला आणि समोर कानिफनाथच्या कानात ठेवला. खुरपं थांबलं. तो वळला नाही.

"आन गोड हाय," ती भिंतीलाच सांगत राहिली. "मी कवाच पिऊन बघितलंय. आण बी मोडली न्हाई तुमची, तुमी घरच खणत हुता. आता दुसरं घर वरच्या अंगाला, कोरड्यात खणू. फकस्त ह्या बारीला एक खुंटी नको. चार ठोका."