मच्छीमार नगरची डबी

गौतमने वर्षभराने बहिणीला फोन केला तो माफी मागायला नव्हे, तर हातात धरायचं जीपीएस कुठलं घ्यावं हे विचारायला. दर्शना दादरच्या एका खासगी कंपनीत जमीन मोजणीचं काम करायची, त्यामुळे असल्या यंत्रांशी तिची रोजची उठबस. अडलं की भावाला बहीण आठवते हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तरी तिने फोन आपटला नाही. त्या घरात दहा वर्षांची मनवा होती, दर्शनाला स्वतःचं मूल नव्हतं, आणि भाचीचं तोंड बघून तिला वर्ष झालं होतं.

भांडण आईच्या बाराव्याला झालं होतं. लक्ष्मीबाई परळच्या हॉस्पिटलात वारल्या त्या रविवारी गौतम पोचलाच नाही. आई दुपारभर "गौतम इलो काय गो?" विचारत राहिली आणि दर्शना फोन लावत राहिली, एकूण अकरा वेळा. ऑफिसात होतो, सर्व्हर रूममध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, असं गौतमने नंतर सांगितलं. बाराव्याला दर्शनाने चारचौघांत त्याची सालटी काढली. त्यानेही मग दर्शनाच्या लालबागच्या खोलीकडे पाठ फिरवली, मनवासकट. वर्षभर एकटीने जेवताना दर्शनाने स्वतःची समजूत घातली होती, की नोकरी म्हणजे नोकरी, बिचारा काय करणार.

"टचस्क्रीन नको. घामाच्या बोटांना दाद देत नाही," तिने फोनवर सांगितलं. "बटणांचं घे, साध्या सेलवर चालणारं. पण तुला कशाला हवंय?"

"जिओकॅशिंगला. कोणीतरी कुठेतरी डबी लपवतो आणि ती कुठे आहे त्याचे आकडे नेटवर टाकतो. आपण शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची, परत होती तिथे ठेवायची. मनवाला वेड लागलंय. ताई, रविवारी येशील? मशीन कसं चालवायचं ते दाखव. सुट्टीत पंधरा दिवस तुझ्याकडे राहायचं म्हणतेय ती."

पंधरा दिवस. दर्शनाने त्याच संध्याकाळी माळ्यावरची गादी उन्हं नसतानाही झटकून ठेवली.

रविवारी गाडीत बसल्यावर तिने आपल्या धंद्याचा नियम सांगितला. यंत्र नवं असलं की आधी ठाऊक असलेल्या जागी तपासायचं. तिथे बरोबर दाखवलं तर पुढे विश्वास टाकायचा.

"मग मच्छीमार नगरला जाऊ," मनवा म्हणाली. "तिथली आम्हाला गेल्या वर्षी सापडलीय."

"ती नको, वास येतो तिकडे," गौतम घाईने म्हणाला.

"खाताना नाही येत तो वास?" दर्शनाने चिडवलं. मनवा खिदळली, आणि गौतमची बायको प्रिती खिडकीबाहेर बघू लागली. गौतमने मुकाट्याने गाडी कफ परेडकडे वळवली.

मनवाने यंत्र गळ्यात अडकवलं. दर्शनाने तिला आधी मोकळ्यावर थांबवलं, उपग्रह मिळू दिले, यंत्र आडवं धरायला शिकवलं. बाण सरळ रेषेत दाखवतो, भिंत आली तर वळसा आपण घालायचा. बाजूच्या टॉवरांमुळे आकडा मागेपुढे नाचत होता. "शेवटच्या दहा पावलांना डोळे वापरायचे," दर्शना म्हणाली. मनवाने तिचा हात धरला आणि दोघी वाळत घातलेल्या बोंबलांच्या बाजूने चालत गेल्या. इतकं सुख दर्शनाला वर्षभरात झालं नव्हतं.

बांधाच्या कठड्याखाली डबी मिळाली. यंत्र तीन मीटरनेच चुकलं होतं. गौतम लगबगीने पुढे आला. "झालं, बरोबर दाखवतंय. ठेव परत." पण मनवाने झाकण काढून कागदाची गुंडाळी उलगडलीसुद्धा.

"आत्या, मी काढलेला खेकडा बघ."

खेकड्याशेजारी मनवाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: पप्पा, मम्मी, मनवा. ९ मार्च, दुपारी ३.५०.

दर्शनाने तारीख दोनदा वाचली. मग भावाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

कागद गुंडाळून ठेवता आला असता. भावाला नंतर एकट्याला गाठून हवं ते ऐकवता आलं असतं. पण वर्षभर गिळलेला राग असा वाट बघत नाही, आणि दर्शनाला तर त्याला पोरीच्याच डोळ्यांसमोर उघडं पाडायचं होतं.

"मोठ्याने वाच बघू," ती गोड आवाजात म्हणाली.

"ताई, पोरीसमोर नको," गौतम पुटपुटला. "महिनाभर मागे लागली होती. डॉक्टर म्हणालेले अजून आठवडा जाईल."

"तिचंच अक्षर आहे. वाचू दे."

मनवाने वाचलं.

"नऊ मार्चला काय झालं होतं आपल्याकडे?"

"आजी गेली," मनवा म्हणाली. ती कागदाकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. "तेव्हा पप्पांचा फोन माझ्याकडे होता. मॅप बघायला. तुझं नाव सारखं मॅपवर यायचं, आत्या. मी कट करायचे."

"तू मला सांगितलं नाहीस?" गौतमचा आवाज फाटला.

"तुम्हीच म्हणालात, कोणाचाही आला तरी कट कर."

मग मनवाने आत्यालाच विचारलं, कारण तिथे खरं सांगणारी तीच एक होती. "मी उचलला असता तर आजी बोलली असती?"

"नाही गं, आजी झोपली होती," इतकं म्हटलं असतं तरी पुरे होतं. प्रिती डोळ्यांनी तेवढंच मागत होती. दर्शनाने तिच्याकडे बघितलं, भावाच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिला तो चेहरा अजून थोडा वेळ तसाच हवा होता.

"बोलली असती," ती म्हणाली. "चारपर्यंत शुद्धीत होती."

मनवा रडली नाही. तिने गळ्यातलं यंत्र काढून आईच्या हातात दिलं. "मम्मी, मला लालबागला नाही जायचं."

तिघं गाडीकडे निघाली. दर्शनाने हाक मारली. मनवाला ती ऐकू गेली, कारण तिची पावलं एकदा अडखळली. मग तिने आईचा हात घट्ट धरला आणि ती चालत राहिली.