अर्ध्या जुळणीची बहीण

थोरली चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, पण घरातली तिची खरी नोकरी वेगळीच होती: धाकट्यासाठी ठणठणीत राहणं. धाकट्याच्या पांढऱ्या पेशींना जंतू मारायची अक्कल जन्मतःच नव्हती. आईबापाकडून आलेला दोष. थोरलीची अस्थिमज्जा त्याच्याशी अर्धीच जुळत होती, पण आईबाबा आपापल्या दुखण्यांमुळे बाद होते आणि बाकी खानदानात तेवढीही कुणाची जुळली नव्हती. डॉक्टर म्हणत, अर्ध्या जुळणीत धोका फार, अगदीच वेळ आली तर बघू. त्या वेळेसाठी आईने पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ती शिंकली तरी घर हादरायचं. मावशी चारचौघांत सांगायची, "हिच्या हाडांत आमच्या पोराचा जीव आहे." थोरली लाजल्यासारखं करायची. आवडायचं तिला. का आवडू नये?

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, कुणाचं काही नको. ह्याच्याच पेशी काढू, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून चांगलं जनुक त्यांत सोडू आणि त्याच पेशी ह्याला परत देऊ. आईने हात जोडले, बाबांनी डोळे पुसले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. गरज सरो नि वैद्य मरो! बाई तिच्याकडे वळून गोड हसल्या. "हे फसलं तर तुम्ही आहातच."

फसलं तर. हे दोन शब्द तिने जिभेखाली धरून ठेवले. इस्पितळातल्या काचेच्या खोलीत, जुनी मज्जा मारायच्या औषधांनी धाकट्याचे केस गळाले, तोंड आतून सोललं. ती दुकानातून थेट तिथे जायची, हातमोजे चढवून त्याचे पाय चेपायची आणि चेपता चेपता मनात म्हणायची, फसू दे. मरू दे, असं नाही. नुसतं फसू दे. असले विचार कुणी कबूल करत नाही. मनात मात्र सगळ्यांच्याच येतात.

तीन महिन्यांनी निकाल आला. शंभरातल्या चाळीस पेशी जंतू मारायला लागल्या होत्या, आणि तेवढ्या पुरे होत्या. आई रडली. थोरलीही रडली. पोरगी आनंदाने रडतेय, असं आई फोनवर सगळ्या नातलगांना सांगत सुटली.

घरी परतलेला धाकटा खाटेवर पडून बहिणीकडे बघत होता. आई स्वयंपाकघरात गेल्यावर म्हणाला, "ताई, पोटात दुखतंय ना?"

ती म्हणाली, "हो."

"एकोणीस वर्षं मी जळलो तुझ्यावर. तू नुसती भाजी आणायला निघालीस तरी जळायचो. आता तू जळ थोडी." आणि वर म्हणतो, "पाणी दे."

"तुझं तू घे."

तो उठला. भिंत धरत माठापर्यंत गेला, पेला भरला, अर्धं पाणी सांडलं, उरलेलं प्यायला. थोरली बघत राहिली. पोटातली आग होती तशीच होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्यामागे फडकं घेऊन धावली नाही.