आठ की नऊ

दिग्रसहून सकाळची एस.टी. आली आणि तिच्यातून उतरलेल्या वर्तमानपत्रात मला कळले की प्लूटो आता ग्रह राहिलेला नाही. २००६चा ऑगस्ट संपत आला होता. आदल्या वर्षीच्या कापसाचे पैसे तांड्याला पावसाळ्यापर्यंतही पुरले नव्हते, आणि यंदाची बोंडे भरण्याआधीच काळवंडू लागली होती. यवतमाळच्या, तीन पिढ्या कचेरीत नोकरी केलेल्या घरातून मी या बंजारा तांड्यावरच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून आलो होतो. हाताशी मराठीची एम.ए. होती आणि कवितांच्या चार वह्या. शेतीतले मला काही कळत नव्हते. त्यामुळे दूरच्या गोष्टी मला जवळच्या वाटत.

शाळेच्या भिंतीवर सूर्यमाला रंगवलेली होती. मी वर्गासमोर चुन्याच्या डबीत कुंचला बुडवला आणि शेवटचा ठिपका पुसून टाकला.

"गुर्जी, त्याचं काय चुकलं?" पाचवीतल्या संगीताने विचारले.

मी सांगितले. तो आपल्या चंद्राहूनही लहान. तिथली थंडी उणे दोनशे तीस अंशांची, आणि तिथून सूर्य म्हणजे एक प्रखर चांदणी. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला दोनशे अठ्ठेचाळीस वर्षे लागतात. तो सापडून शहात्तर वर्षे झाली, म्हणजे आपण पाहू लागल्यापासून त्याची तिसरा हिस्सा वाटही सरलेली नाही. तो गोल आहे, सूर्याभोवती फिरतो, पण आपल्या वाटेवरचा परिसर त्याला मोकळा करता आला नाही. म्हणून आता तो बटुग्रह.

"आन् त्याचं नाव कोनं ठेवलं?"

"तुझ्याएवढ्याच एका मुलीनं सुचवलं. अकरा वर्षांची होती."

ती बराच वेळ त्या ओल्या पांढऱ्या डागाकडे पाहत राहिली. संगीताचे वडील भावसिंग दारात उभे होते. ते हसले. "नाव कटलं म्हन्ता गुर्जी, मंग त्याचं राशन कारड बी कटलं असंन!" वर्ग खिदळला. मीही हसलो.

दसऱ्यानंतर प्रश्न निराळाच उभा राहिला. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जाणार होता. भावसिंग आणि त्यांची बायको गंगी प्रथमच निघाले होते, आणि घरात मागे राहणारे कुणी नव्हते. संगीता गेली तर दिवसभर धाकट्या भावाला सांभाळणार, संध्याकाळी भाकरी थापणार. शाळा तिथेच संपणार. दिग्रसला एका संस्थेने अशा मुलांसाठी वसतिगृह काढले होते. पन्नास गुणांची परीक्षा, निदान चाळीस गुण मिळाले तरच प्रवेश. आमच्या शाळेतून दोघी बसणार होत्या, संगीता आणि नलू.

परीक्षेच्या आदल्या दुपारी पाठ्यपुस्तक चाळताना मी थबकलो. पुस्तकात ग्रह नऊच होते. आणि परीक्षा म्हणजे पुस्तक, हे माझ्या घराण्याने मला जन्मापासून शिकवलेले होते. मी तांड्यावर गेलो. नलूच्या घराला कुलूप होते. सगळी शेतात गेलेली. संगीता अंगणात भांडी घासत होती.

"ग्रह किती विचारलं, तर नऊ लिहायचं."

तिचा राखेने माखलेला हात थांबला. "तुमीच त काटला ना गुर्जी त्याले?"

"खरं आठच. पण पेपरात नऊ लिही."

"खरं आठ हाय, त नऊ काहून लिहू?"

"मार्कासाठी," मी म्हणालो.

परतताना नलूचे शेत वाटेपासून हाकेच्या अंतरावर दिसत होते. मी वळलो नाही. ती चाळीसपर्यंत पोचणारच नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

निकालाच्या दिवशी दिग्रसला गेलो. वसतिगृहाच्या फळ्यावर गुण लावले होते: नलू चाळीस, संगीता एकोणचाळीस. शेजारीच उत्तरांची यादी होती. अठ्ठाविसाव्या प्रश्नापुढे लिहिले होते: आठ. माझ्यासारख्याच वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणीतरी तो पेपर काढला होता.

मी संगीताचे नाव सांगितले आणि पाठ्यपुस्तक उघडून कारकुनासमोर धरले. "पुस्तकात नऊ आहेत. नऊ लिहिणाऱ्यालाही गुण मिळायला हवा."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "सर, तुमच्याच शाळेतली दुसरी पोरगी आठ लिहून गेली. म्हणे आमच्या गुर्जीनं भिंतीवरचा पुसून दाखवला. मंग या संगीताले कोनं शिकवलं नऊ?"

मी पुस्तक मिटले.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी सकाळी ट्रक आला. कोयते, गोधड्या, पिठाचे डबे, दोन कोंबड्या. गंगी मला पाहून पुढे झाली. "पोरीनंच मन लावलं नाही, गुर्जी. तुमी त लय जीव तोडला. नलीले जमलं, हिले काय धाड भरली होती?"

संगीता भावाला कडेवर घेऊन ट्रकच्या फळीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाली, "म्या कोनाले नाही सांगतलं."

त्या एका वाक्याने मला तिथून निघून जायची मोकळीक दिली होती. तीच मला सोसवेना.

"गंगीबाई, चूक तिची नाही," मी म्हणालो. "तिला बरोबर उत्तर येत होतं. मीच तिला चुकीचं लिहायला सांगितलं."

भावसिंग दोर आवळत होते. त्यांचे हात थांबले. ते काहीतरी थट्टेचे बोलतील, असे मला वाटले; बोलावे, असेही वाटले. त्यांनी गाठ पक्की केली. "आता सांगून राह्यले," एवढेच म्हणाले, आणि पोरीला बखोटीला धरून वर चढवले.

ट्रक सुरू झाला. धुरात संगीता फळीवरून वाकली.

"गुर्जी, तिकडं कारखान्यावरच्या साखरशाळेत कोनं विचारलं, त किती सांगू?"

"आठ."

"खरं म्हनून, का मार्कासाठी म्हनून?"

"खरं म्हणून," मी ओरडलो.

तिने ऐकले. भावाला दुसऱ्या कडेवर घेतले आणि जवळच बसलेल्या एका म्हातारीला, ग्रह किती, हाच प्रश्न विचारायला ती वळली.